विक्री कायम होण्याआधी

गेटसमोरच्या डांबरात एक खळगा पडला होता. बदामाएवढा, एका बाजूला खोल आणि दुसरीकडे उथळ होत गेलेला. खडी उखडली असेल असं योगिनीला आधी वाटलं. पण खडी उखडली की कडा फाटतात. या खळग्याच्या कडा गुळगुळीत होत्या आणि तळाचं डांबर दाबलं जाऊन चकाकत होतं. वरून वजन आलं होतं, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, तेही ऊन तापून डांबर मऊ झाल्यावर.

बुलेटचा साइड स्टँड.

तिने चपलेने खळग्यात थोडी माती ओढली आणि लगेच पाय मागे घेतला. कोणी पाहिलं असेल, असं वाटलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या येऊन गेल्या होत्या, मागच्या खोल्यांतली भाडेकरू पोरं कामावर गेली होती किंवा रात्रपाळी करून झोपली होती. बुलेट दुपारी यायची, करंजाची सावली गेटसमोर पसरली की. एरवी योगिनी त्या वेळी कंपनीत असायची. गुरुवारी तिला सुट्टी असे, म्हणून तिला ती फक्त गुरुवारी दिसायची. रोज येत असेल असं तिने धरलं नव्हतं. खळगा मात्र रोजचा होता.

"आई, समोर गाडी लावून कोण बसतं गं दुपारचं?"

सुभद्राबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. "त्यो व्हय? अजिंक्य नाव हाय त्याचं."

"तुला नाव कसं माहीत?"

"इचारलं की. उन्हात बसायलंय लेकरू. आधी पाणी दिलं, आता रोजच देते. चहा नको म्हणतो. लई गुणाचा हाय."

"कधीपासून येतो?"

"ती कोर्टाची नोटीस लावली न्हाई का गेटवर, लिलावाची, तवापासून." 

योगिनी खाली बसली. "काय काय विचारतो तो?"

"त्यो काय इचारणार? मीच बोलते. दिवसभर घरात कोण हाय बोलायला? तू कंपनीत, स्वरूपा तिकडं हॉस्टेलात."

"स्वरूपाचं काय सांगितलंस?"

"शिकायलीय म्हणलं, ताथवड्याला. शनवारी येती म्हणलं." सुभद्राबाईंनी वर पाहिलं. "त्यात काय झालं? चोरून शिकायलीय का?"

आईला घाबरवून काही मिळणार नव्हतं. घाबरलेली आई त्याच पोराला पाण्याचा तांब्या देताना विचारून बसली असती की बाबा, आमच्या पोरीचं काय करणार आहेस.

जागा महाळुंग्याची, पाच गुंठ्यांची. ज्योतीराम आणि आबाजी हे दोघे भाऊ औशाकडून इकडे कामाला आले तेव्हा कंपन्या नव्या होत्या आणि प्लॉट परवडत होते. दोघांनी मिळून एक बिगरशेती प्लॉट घेतला, दोघांच्या नावाने. रस्त्याकडे तोंड चिंचोळं, आत लांबच लांब. पुढे घर, मागे भाड्याच्या खोल्यांची रांग. ज्योतीराम, म्हणजे योगिनीचे वडील, वारले. आबाजीकाका मुलाबरोबर चिखलीला फ्लॅटमध्ये गेले. नवरा गेल्यावर योगिनी मुलीला, स्वरूपाला, घेऊन आईकडे आली. मग काकांच्या मुलाला, सुजितला, टेम्पो घ्यायचा होता आणि त्याने वडिलांच्या नावाने वाटपाचा दावा लावला.

कोर्टाने मोजणीला माणूस पाठवला. त्याने जे सांगितलं ते योगिनीने आधीच कागदावर काढून पाहिलं होतं. प्लॉट उभा कापला तर दोन्ही पट्ट्यांवर धड बांधकाम होत नाही. आडवा कापला तर मागच्याला वाट राहत नाही. वाटणी होत नसेल आणि अर्ध्या हिश्श्याचा मालक मागणी करत असेल, तर कोर्ट जागा विकून पैसे वाटून देऊ शकतं. तसा हुकूम झाला. हिस्सेदाराला ठरल्या किमतीत दुसऱ्याचा हिस्सा मागता येतो, पण त्या वेळी योगिनीचं कर्ज मंजूर झालेलं नव्हतं. ते मंजूर झालं तेव्हा लिलाव जाहीर झाला होता. लिलावातही हिस्सेदार बोली लावू शकत होते, आपल्या हिश्श्याची रक्कम वळती करून. त्यामुळे ती घाबरली नव्हती. हिशेब जमत होता. सुजितला पैसा हवा होता, आबाजीकाकांना खरं तर जागाच हवी होती आणि त्यांनीही फंडाचे पैसे काढून ठेवले होते. दोघांपैकी कोणीतरी घेईल, आई घरातच राहील, असं तिने धरलं होतं.

लिलाव फेब्रुवारीत झाला, तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात. सुरू होण्याआधी ती कँटीनपाशी उभी होती. एक पोरगा आला, पंचविशी-तिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याने रुमालाने खुर्ची पुसली.

"बसा ना ताई. उभ्या कशापायी? मी शेठचा माणूस."

शेठ म्हणजे कोण, हे चाकणच्या पट्ट्यात सांगावं लागत नसे. कंपन्यांच्या भंगाराचे ठेके त्यांचे, आणि अलीकडे जागाही त्यांच्याच होत चालल्या होत्या. त्यांचं नाव कोणी घेत नसे.

"आपलं काय भांडण न्हाई," तो म्हणाला. "जागा कुणीतरी घेणारच. तुमच्या हिश्श्याचं पैसं तुम्हाला कोर्टातून मिळणार. निवांत." मग त्याच आवाजात, "स्वरूपाताईंच्या कॉलेजचं पुढचं गेट दुपारी बंद असतंय, म्हाइतंय ना? त्या मागच्या गेटनं निघत्यात. तिकडं बांधकाम चालूय, डंपर लई. बघून चाला म्हणावं त्यांना."

त्या कॉलेजला मागचं गेट आहे हे योगिनीला माहीत नव्हतं.

बेलिफने राखीव किंमत वाचली. आबाजीकाकांनी पहिली बोली दिली. शेठ स्वतः आले होते, त्यांनी खुर्चीतूनच बोट उचललं. काकांनी आणखी एकदा चढवली. शेठनी पुन्हा बोट उचललं. मग काकांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले.

औशाकडे देवळाचे लिलाव होतात, मानाच्या नारळाचे, पहिल्या आरतीचे. तिथली रीत अशी की घरातल्या वडीलधाऱ्याने बोली सोडली की त्या घराची बोली संपली. धाकट्याने त्यावर आवाज केला तर त्याने वडिलांना चारचौघांत कंगाल म्हटल्यासारखं होतं. योगिनी इकडे वाढली, पण ही गोष्ट तिला कोणी शिकवावी लागली नव्हती. जेवताना आधी कोणाला वाढायचं हे जसं कळतं तसं तिला ते कळत होतं.

"आणखी कोणी?" बेलिफने विचारलं. "एक वार."

तो पांढऱ्या शर्टातला पोरगा, तोच बुलेटवाला अजिंक्य, भिंतीला टेकून फोनमध्ये बघत होता. दोन वार झालं, तीन वार झालं.

घरी आल्यावर सुभद्राबाई रडल्या आणि मग शेजारच्या गिरजाबाईंना सांगत बसल्या, "जागा गेली तर गेली, पण चुलता थांबला तिथं माझी लेक थांबली. आवाज केला न्हाई." सगळ्यांना ते पटलं. सुजितने फोन करून सांगितलं, "ताई, तू माझ्या अप्पांचा मान ठेवलास, मी विसरणार नाही." योगिनी फक्त हो म्हणाली.

ती एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या मोजमाप प्रयोगशाळेत होती. बंद खोली, वर्षभर एकच तापमान, आणि मापं ताडायचं एकेक गेज पुन्हा पुन्हा मोजून बघायचं काम. मापात फरक आला तर कारण शोधायचं: उष्णता, झीज, की मोजणाऱ्याचा हात. एक गोष्ट धरून ठेवायची आणि दुसरी बदलून बघायची. लिलावाबद्दल तिला तसं करता येईना. त्या दिवशी तिचं तोंड बंद ठेवलं ते रीतीने की मागच्या गेटने? काकांनी बोली सोडलीच नसती तर ती बोलली असती का? कोणी धमकावलं नसतं तर काकांवर आवाज केला असता का? दोन्ही कारणं एकाच क्षणी आली होती आणि तो क्षण परत मांडून बघता येत नव्हता.

तिची वकील विजयश्री, तालुक्यालाच राहणारी, स्पष्ट बोलणारी बाई होती.

"बोली पडली म्हणजे जागा गेली असं नाही," विजयश्री म्हणाली होती. "चौथाई रक्कम त्यांनी जागच्या जागी भरली, उरलेली पंधरा दिवसांत. तीही भरली. आता कोर्ट विक्री कायम करेल. कायम झाली की विक्रीचं प्रमाणपत्र, मग ताबा. तोपर्यंत जागा तुमचीच आहे. आणि साठ दिवसांच्या आत हिस्सेदाराला म्हणता येतं, ही विक्री रद्द करा."

"किंमत कमी आली म्हणून?"

"नुसतं तेवढ्याने नाही. लिलावात लबाडी झाली आणि तिच्यामुळे तुमचं नुकसान झालं, हे दाखवावं लागतं. कोणाला बोली लावण्यापासून अडवलं, धमकावलं, तर ती लबाडीच. पण तसं कोणी म्हणत नाहीये ना?"

योगिनीने खिडकीबाहेर पाहिलं.

विजयश्रीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी अर्ज टाइप करून ठेवते. कारणाची जागा कोरी. कोणाला काही आठवलं तर भरू. शपथेवर सांगावं लागेल आणि उलटतपासणी होईल, हे आत्ताच सांगते. मलाही मुलं आहेत घरी, ताई. मी तुम्हाला ढकलणार नाही."

पोलिसांत जावं का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण सांगणार काय? एक पोरगा सावलीत गाडी लावतो आणि माझ्या आईच्या हातचं पाणी पितो. एकदा त्याने मला सांगितलं की डंपर जपून बघा. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येक वाक्य निरुपद्रवी होतं.

खळगा दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि ताथवड्याला गेली. कॉलेजच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या कुंपणाआड टॉवर उठत होते. गेट म्हणजे भिंतीत सोडलेली एक लोखंडी चौकट होती. समोर फुटपाथ नव्हता. डंपर वळायचे तेव्हा मुलं भिंतीला चिकटून उभी राहायची आणि डंपर गेला की हसत पुढे निघायची. तिने चाक आणि भिंत यांतलं अंतर नजरेने मोजलं आणि मग पाहायचंच सोडलं.

"आई? तू इथे काय करतेयस?" स्वरूपाच्या गळ्यात ओळखपत्र होतं, हातात ड्रॉइंगची नळी.

"मागचं गेट बघायला आले."

"हे काय प्रेक्षणीय स्थळ आहे?"

टपरीवर चहा घेताना योगिनीने विचारलं, "इकडे बुलेटवर कोणी दिसतो का तुला?"

"अजिंक्यदादा?" स्वरूपाने चहावर फुंकर मारली. "आजीचा मानलेला मुलगा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा असेल आणि मला ताई म्हणतो. गेल्या महिन्यात लाडू घेऊन आला होता. आजीने दिले म्हणे. डबा रिकामा करून परत मागितला, आजींना द्यायचाय म्हणाला. मी म्हटलं, आजीने कुरिअर सर्व्हिस चालू केली वाटतं."

योगिनीने ग्लास खाली ठेवला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? मला वाटलं तुला माहीत असेल." स्वरूपा तिच्याकडे बघत राहिली. "आई, तेव्हा मला भीती नव्हती वाटली. आता तुझं तोंड बघून वाटतेय."

मग योगिनीने सगळं सांगितलं, कँटीनपाशी काय झालं ते शब्दन् शब्द. सांगून झाल्यावर स्वरूपाने आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मुलीने असं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"मग नको ना बोलूस," स्वरूपा म्हणाली. "जाऊ दे ती जागा."

"हं."

"पण आजी कुठे राहणार?"

"भाड्याने घेऊ कुठेतरी. फ्लॅट."

"आजी फ्लॅटमध्ये? ती लिफ्टला नमस्कार करते." स्वरूपा हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मी उद्यापासून नेहाबरोबर निघेन. एकटी नाही. पोचले की मेसेज करेन."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी 'पोचले' असा मेसेज यायचा. तो यायच्या आधीची वेळ योगिनी प्रयोगशाळेत उभ्याने काढायची. एकदा मेसेज आला नाही. तिने फोन लावला, लागला नाही, पुन्हा लावला. मोबाइलची बॅटरी संपली होती, एवढंच. पण तेवढ्या वेळात तिचं मनातल्या मनात शेठच्या घरी जाऊन, पायावर डोकं ठेवून, जागा घ्या आणि आम्हाला सोडा म्हणून झालं होतं. स्वतःचा तो आवाज तिला नंतर किती तरी वेळ ऐकू येत होता.

आईला तिने एवढंच सांगितलं की त्या पोराशी स्वरूपाचं काही बोलू नकोस. सुभद्राबाईंनी मान डोलावली. पण पाणी देणं थांबवलं नाही. दारात आलेल्याला पाणी न देणं त्यांना जमणारं नव्हतं.

आणि बुलेट सरकत आली. एका गुरुवारी ती गेटच्या आत होती. पुढच्या गुरुवारी अजिंक्य ओट्यावर बसला होता, सुभद्राबाईंना फोनवर कुठल्याशा जत्रेचा व्हिडिओ दाखवत. योगिनी दिसताच उठून उभा राहिला. "आजींचं डोळं तपासाया पायजेत ताई. धूसर दिसतंय म्हणत्यात. म्हणाल तर मीच नेऊन आणतो." तो उभा राहून मागच्या खोल्यांच्या रांगेकडे बघत होता, विकत घेतलेल्या वस्तूची खोकी मोजावीत तसा.

ती गप्प राहिली होती. तेव्हापासून गप्पच होती, आणि तो रस्त्यावरून ओट्यापर्यंत आला होता.

अर्जाच्या मुदतीचा शेवटचा दिवस आणि दाव्याची तारीख एकाच दिवशी आली. विजयश्रीने फोनवर सांगितलं, "आज कोर्ट विचारेल कोणाची हरकत आहे का. आज अर्ज दिला नाही, तर पुढच्या तारखेला विक्री कायम. मग मला फार काही करता येणार नाही."

योगिनी पोचली तेव्हा कोर्टाच्या व्हरांड्यात आबाजीकाका एकटेच बाकावर बसले होते. दावा लागल्यापासून दोघं समोरासमोर बोलले नव्हते. ती लांबच्या खांबाशी उभी राहिली. मग जाऊन त्यांच्या शेजारी बसली.

"काका."

"ये माय." त्यांनी सरकून जागा केली. "वैनी बरी हाय?"

"बरी आहे. सुजित नाही आला?"

"झोपलाय. रात्रपाळी करून आला."

व्हरांड्यात माणसं ये-जा करत होती. योगिनीने आवाज खाली आणला. "काका, त्या दिवशी तुम्ही बोली का सोडलीत? पैसे होते तुमच्याकडे."

आबाजींनी पायांकडे पाहिलं. "त्या पांढऱ्या शर्टवाल्यानं सुजितचं सांगितलं. रातच्याला कंपनीतून कुठल्या रस्त्यानं येतो, कुठं वळतो, कुठं गाडी हळू करतो. मला बापाला ठाव नव्हतं ते त्याला ठाव." त्यांनी टोपी सरळ केली. "दोन बोल्या कशाबशा लावल्या. मग म्हणलं, आपण सोडावं. मागं पोरगी हाय. शिकलेली हाय, तिला कोण काय म्हणतंय? ती धरल पुढं. जागा तुझ्याकडं राहिली काय अन् माझ्याकडं काय, ज्योतीदादाच्या लेकीकडंच राहिली. म्हणून टोपी काढून तुझ्याकडं बघायलो. माझं झालं, आता तू बोल."

"मला वाटलं तुम्ही घराची बोली सोडलीत."

"घराची?" म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "दावा लावला त्या दिशी घरं दोन झाली न्हाईत का? दोन घरं झाल्यावर कसली ती रीत? ती एका चुलीची असती."

योगिनीला हे कधी सुचलंच नव्हतं. दावा लागला, नोटिसा आल्या, जाणं-येणं बंद झालं, तरी तिच्या हिशेबात काका घरातलेच राहिले होते. आणि काकांच्या हिशेबात ती परक्या घरातली, म्हणून मोकळी. दोघं एकमेकांकडे बघत थांबले होते आणि मधल्या मध्ये बेलिफने तीन वार म्हटलं होतं.

"मलाही सांगितलं होतं त्याने," ती म्हणाली. "स्वरूपाचं."

काकांनी डोळे मिटले. "अरे देवा. मला काय म्हाइत, माय."

"आत सांगाल हे? आपण दोघांनी सांगितलं तर—"

"न्हाई." ते इतक्या पटकन म्हणाले की शेजारचा माणूस वळला. "न्हाई माय. सुजित आजबी रातपाळीला हाय. तू बी नको सांगूस. लेकरावालीनं या फंदात पडू ने. पैसं घे आन् गप ऱ्हा."

त्यांचा हात बाकाच्या कडेवर होता. योगिनीने त्यावर आपला हात ठेवला.

"ताई."

अजिंक्य समोर उभा होता, तोच इस्त्रीचा शर्ट. हातात तिचा जेवणाचा डबा, आईच्या जुन्या पातळाच्या फडक्यात बांधलेला.

"इसरलात न्हवं घरी. आजी म्हणाल्या, तू तिकडंच चाललायस तर देतो का." त्याने डबा तिच्या मांडीवर ठेवला, अगदी अलगद. "मेथीची भाजी हाय. मला बी वाढली थोडी." काकांकडे वळून म्हणाला, "आबा, बरं हाय ना? सुजितभाऊ झोपलेत वाटतं अजून."

डब्याचा तळ गरम होता. म्हणजे तो थोड्याच वेळापूर्वी तिच्या स्वयंपाकघरात बसला होता, आईने त्याच्यासमोर ताट ठेवलं होतं.

"आत काय बोलायचं न्हाई आज," अजिंक्य हसून म्हणाला. "धा मिनटाचं काम. मग तुम्हाला मी सोडतो घरी."

शिपायाने पुकारा केला. तिने डबा बाकावर तसाच ठेवला आणि उठली. काका उठले नाहीत.

आत पंखे फिरत होते. न्यायाधीश तरुण होते, समोरच्या कागदांवर त्यांनी हात ठेवला होता. शेठ आले नव्हते, त्यांचे वकील होते. अजिंक्य दाराजवळ उभा राहिला. तिला मागे न बघताही तो कुठे उभा आहे हे कळत होतं. मानेच्या मागे, उजव्या बाजूला, तेवढी कातडी थंड पडली होती.

"खरेदीदाराने पूर्ण रक्कम भरली आहे," शेठचे वकील म्हणाले. "बेलिफचा अहवाल दाखल आहे. लिलावाच्या वेळी दोन्ही बाजूंचे हिस्सेदार स्वतः हजर होते. बोली लावायची त्यांना मुभा होती. त्यांच्याकडे रीत आहे, वडीलधारे थांबले की घर थांबतं. त्याप्रमाणे ते स्वखुशीने थांबले. कोणाचीही तक्रार नाही. विक्री कायम व्हावी."

न्यायाधीशांनी विजयश्रीकडे पाहिलं. "तुमच्या पक्षकाराकडून काही अर्ज?"

विजयश्रीच्या हातात तो अर्ज होता, कारणाची जागा कोरी असलेला. तिने तो पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. तिने वळून योगिनीकडे पाहिलं.

योगिनीच्या डोळ्यांपुढे मागचं गेट आलं, भिंतीला चिकटून उभी राहिलेली मुलं, वळणारं चाक. स्वरूपाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टाकलेली ती नजर. घरी स्वयंपाकघरात खरकटं ताट उचलणारी आई. बोलल्यावर काय होईल हे तिला माहीत नव्हतं. न बोलल्यावर काय झालं होतं, ते मात्र तिने आठवड्यामागून आठवडा पाहिलं होतं. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"हिस्सेदार हजर आहेत का?" न्यायाधीशांनी विचारलं. "विक्री कायम करायला तुमची काही हरकत आहे?"

मागे दाराशी कोणीतरी हलकेच खाकरलं.

"आहे," योगिनी म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून तिने थांबून श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हरकत आहे, साहेब. मी स्वखुशीने थांबले नव्हते. त्या दिवशी मला बोली लावायची होती, आणि ती लावली तर माझ्या मुलीचं काय होईल हे मला आधी सांगितलं होतं. सांगणारा माणूस आत्ता दारात उभा आहे."